तिरकी चादर

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला म्हणून रागावू नकोस, डोकं ठिकाणावर नाही. इथल्या कारखान्यात मागावर दोन चादरी विणल्या आणि दोन्ही धुतल्यावर तिरक्या झाल्या. मागावर चांगल्या दिसतात, वाळल्या की एका अंगाला घसरतात. पलंगावर घातली तर इकडे लोंबते, तिकडे पाय उघडे.

उभे धागे पुन्हा ताणले, सूत बदललं, मागाची पातळी पाणसळ लावून तपासली. शेजारच्या मागावरचा दाढीवाला म्हणतो पाणी फार गरम. मालकीणबाई म्हणतात माझं लक्ष नाही. कोणाचं खरं धरू? तिसरी तिरकी आली तर माग काढून घेणार, गठ्ठे बांधायला बसवणार. त्यापेक्षा घरी आलेलं बरं. पण परत यायला तरी काय तोंड आहे?

बिघडलेली एक पाठवतोय. तूच बघ. आईला सांगू नकोस.

तुझ्या धपाट्यांना मुकलेला,
धांदल्या

ता. १५

चि. धांदल्यास,
अनेक आ.

चादरीचं गाठोडं आईनेच सोडलं, आता काय लपवणार? ती बघून तिने एवढंच विचारलं, की तू नीट जेवतोस ना.

मी टेबलावर पसरून काटकोन बघायला कोपऱ्याला वही लावली. सूत बिघडलं असतं तर कापड जागोजागी वेडंवाकडं झालं असतं. तुझ्या आडव्या पट्ट्या मात्र सगळ्या सारख्याच डावीकडे उतरल्यात. धागा ठोकताना तू फणी मधोमध धरत नाहीस, डावं टोक ओढतोस.

असं का, हा विचार करत बसले आणि मलाच कसंतरी झालं. घरच्या मागावर एका फळीवर बसून आपण विणायचो. तू डावीकडे, मी उजवीकडे, फणीचं उजवं टोक माझ्या हातात. बिघडवशील म्हणून तुला एकट्याला माग कधी दिलाच नाही. आता फळीवर कुठे बसतोस ते बघ आणि लगेच कळव.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी ताई

ता. २८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघितलं. उजवीकडे एक माणूस बसेल एवढी जागा मी रोज सोडत होतो आणि मला पत्ताच नाही. मधे सरकलो तर हातपाय दुसऱ्याचेच वाटायला लागले. आडवा धागा नेणारा धोटा उजवीकडे गेला की खाली पडायचा, दोनदा पडला. तिकडे तो तू पकडायचीस ना. मी सारखं उजवीकडे बघतोय म्हणून दाढीवाल्याने विचारलं, की कोण यायचंय का.

तिसरी चादर धुतली, वाळवली. मालकीणबाईंनी चार घड्या घालून कोपरे जुळवले आणि पुढचं सूत हातात दिलं. म्हणजे माग राहिला. आनंद झाला आणि तो सांगायला मी उजवीकडे वळलो.

आईला नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुझा धांदल्या

ता. क. मी आल्यापासून तुझ्या पत्रांत तुझ्या विणकामाचं एक अक्षर नाही. खरं सांग, तुझ्या चादरी उजवीकडे उतरतात ना? मधे सरक, ताई. मी इतक्यात येत नाही.