कोरडी माती धरली

तीर्थरूप बाबा, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा काय म्हणतो?

आमच्या कंपनीचं ग्रंथालय बांधून झालं. आत गारवा राहावा म्हणून छतावर बाग केलीय. परवा उद्घाटन आहे आणि त्याच छताखाली दोनशे मुलं गाणार आहेत.

बाबा, छतावर भार किती येईल ते मी काढलं होतं. काल सहज कागद उघडले, तर मातीचं वजन मी कोरडं धरलंय. गवंड्याच्या पोरीनं. लहानपणी तुम्ही मला आधी कोरड्या मातीचं घमेलं उचलायला लावलंत, मग ओल्या मातीचं. दुसरं जागचं हललं नव्हतं.

छत पेलेलही कदाचित. पण साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

आत्ता खिडकीतून दिसतंय, माळी बागेला पहिलं पाणी द्यायला नळी ओढत निघालाय. आधी त्याला थांबवते, मग साहेबांसमोर उभी राहते. कदाचित घरीच यावं लागेल.

आईला पत्र वाचून दाखवाल, तेव्हा गुडघ्याच्या ओळीपाशीच थांबा.

तुमची,
धाकटी