पाचवं अक्षर

काचीगुडा, हैदराबाद
दि. ९ फेब्रुवारी १९९७

प्रिय विक्रम,

नमस्कार. हिम्मतमामांना आणि मामींनाही माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात, तरी सुपारी फुटल्यापासून ती बसायचं नाव घेत नाही. आमच्या धाकटीच्या, त्रिवेणीच्या साड्यांसाठी कोठीच्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या. गल्लीत केबल आली, तेव्हापासून बाबा त्याच बातम्या तीन-तीनदा ऐकतात. तुमच्या औरंगाबादच्या कारखान्यात नवी जपानी यंत्रं आली म्हणे. मामा आईला फोनवर सांगत होते.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकला असशील. फोन केला असता, पण एसटीडी बूथच्या काचेबाहेर माणसं ताटकळत असतात. हे तिथं बोलण्यासारखं नाही.

आपल्या लग्नाला मी नाही म्हटलं, तेव्हा 'मला पीएच.डी. करायची आहे' असं कारण दिलं. ते खोटं होतं. तू तर म्हणाला होतास, "कर की, मी कुठं अडवतोय." तरी मी तेच कारण पुढे रेटलं. मामा वर्षभर आईशी बोलले नाहीत, तेही मी नुसतं बघत राहिले.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तू विद्यानगरला माझ्या प्रयोगशाळेत आला होतास. आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं आणि तू हसत हसत दिलंस.

आम्ही थॅलेसेमियावर काम करतो. माझ्या भावाला, कुलदीपला झाला होता तोच आजार. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला न्यायचो, आणि नवव्या वर्षी तो गेला, हे तू पाहिलंच आहेस. त्यात काय बिघडतं ते सांगते. पेशी जनुकाची एक नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेत मधे मधे नको असलेला मजकूर असतो. पेशी तो कापून टाकते, उरलेले तुकडे जोडते, आणि मग त्यावरून रक्तातलं हिमोग्लोबिन बनतं. कुठं कापायचं याची खूण ठरलेली असते. आपल्या घराण्यात त्या खुणेतलं पाचवं अक्षर बदललं आहे. एवढ्यानं पेशी बहुतेक वेळा भलत्याच जागी कापते. क्वचित बरोबरही कापते. ते कशावर ठरतं, हेच मी शोधते आहे.

आई आणि वडील दोघांकडून असं जनुक आलं, की मूल कुलदीपसारखं होतं. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही लागत नाही.

माझ्यात तसं एक आहे, हे मला ठाऊक होतं. तुझा नमुना मीच तपासला. निरोगी म्हणून घेतलेल्या रक्तात तोच बदल दिसला. माझा हात चुकला असेल म्हणून तीनदा केलं. चौथ्यांदा नाव न सांगता सरांकडून करून घेतलं.

रक्त तुझं होतं, तेव्हा आधी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं. 'होईल ते बघू, राणी.' आणि मी हो म्हटलं असतं. गर्भाची तपासणी वेल्लोरला होते, हेही मीच तुला सुचवलं असतं. मग दर खेपेला चारात एक अशी भीती. सुई टोचताना कुलदीपचा हात मी धरून ठेवायची, विक्रम. मला ते पुन्हा करायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात मामांनी तुझ्यासाठी त्रिवेणीला मागणी घातली. सगळे इतके खूश होते, की मी आठ दिवस तोंड उघडलं नाही. मग आईला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता कुठं माझा भाऊ दारात आला. परेशान करू नको, पोरी." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तेवढंच. शेवटी त्रिवेणीला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. तुझं रक्त, माझं खोटं, सगळं.

तिनं एवढंच विचारलं, "अक्का, माझं रक्त पण न विचारता तपासलंस का?"

"नाही."

"मग आज घे. आणि काय निघेल ते पहिलं मला सांग, आईला नाही."

काल निकाल आला. त्रिवेणीत तो दोष नाही. तिची दोन्ही जनुकं नीट आहेत, त्यामुळं तुम्हा दोघांच्या मुलांना हा आजार होणार नाही. तुझं जनुक मात्र त्यांच्यात जाऊ शकतं, म्हणून त्यांच्या लग्नाआधी तपासणी करायची. हे कुठंतरी लिहून ठेव.

त्रिवेणी म्हणते, हे कळल्यावर तुझ्या मनात काय आहे ते तू तिलाच लिही. "त्याला अजून तूच हवी असशील तर तसं सांगू दे," असंही ती म्हणाली. मी तिला सांगितलं, माझं उत्तर तेच आहे. तुलाही तेच सांगते. फक्त या वेळी खरं कारण देऊन.

पंधरा तारखेला मी मामांकडे येते आहे. आपल्या घरात लग्नाची अजून सात मुलं-मुली आहेत. प्रत्येकाला विचारून रक्ताचा नमुना घेणार आहे. मामा रागावतील, कदाचित मला दाराबाहेर बसवतील. बसेन, पण नमुने घेतल्याशिवाय परत जाणार नाही. स्टेशनवर येऊ नकोस, मी रिक्षा करीन.

आणखी एक. लग्नात मी करवली म्हणून त्रिवेणीच्या मागे उभी राहणार आहे. तिथं माझ्याकडे बघून कानकोंडा होऊ नकोस. तुझ्या बायकोची थोरली बहीण, हे नातं मी पूर्ण विचार करून घेतलं आहे.

तुझी होणारी आकडसासू,
राणी