पहिल्या ओळीखालची रेघ

३ जून

माफ कर, वही. एकवीस दिवसांनी उघडतोय तुला. बातमी वाईट होती म्हणून हात धजत नव्हता.

ऑफिसात नोटीस लागली आहे. लिफ्ट, गेट, सफाई – सगळ्या कंत्राटी माणसांनी वाचनाची परीक्षा द्यायची. चार उतारे, वीस प्रश्न. बारा बरोबर आले तर कामावर राहा, नाही तर घरी बसा. परीक्षा चौदा तारखेला. मी सदुसष्ट वर्षांचा लिफ्टवाला, चौथीपर्यंत शिकलेला. घरी बसून काय करू? लिफ्टमध्ये दिवसाला तीनशे माणसं ‘पाचवा’, ‘नववा’ म्हणतात. दिवसभरात कुणी माझ्याशी बोलतं ते एवढंच.

नोटीस दोनदा वाचली. पाणी प्यायलो. पुन्हा वाचली.

५ जून

तळमजल्यावर वर्ग सुरू झाला. शिकवायला एक बाई ठेवल्या आहेत, माझ्या अर्ध्या वयाच्या. जीभ मात्र कात्रीसारखी.

प्रश्न असा असतो – उताऱ्याचा मुद्दा कोणता, आणि त्याला आधार देणारी वाक्यं कोणती. मी पहिल्या ओळीखाली रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं. शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, पहिली ओळ पाठ करा, बाकीचं आपोआप येतं.

बाई म्हणाल्या, “आजोबा, झोपलात का?”

“झालं माझं.”

“एका ओळीत? बाकीचा उतारा काय कागद भरायला लिहिलाय?”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने गेटवाला हसला. उद्या नवव्या मजल्यावर जायचं असेल तेव्हा बघतो त्याच्याकडे.

६ जून

गेटवाला आला. लिफ्ट भरली आहे असं सांगून दार लावून घेतलं. आत मी एकटाच होतो. खूप बरं वाटलं.

आजचा उतारा शिंप्याचा. पहिली ओळ – आमच्या गल्लीतला शिंपी आळशी आहे. रेघ मारली. आधार म्हणून ‘तो अकरा वाजता दुकान उघडतो’ हे लिहिलं. सरळ आहे.

“आणि त्याच्यापुढचं वाक्य?” बाई म्हणाल्या. “वाचा मोठ्याने.”

वाचलं. तो पहाटेपर्यंत दवाखान्याच्या चादरी शिवत बसतो.

“मग आळशी आहे का?”

“पहिल्या ओळीत तसं लिहिलंय ना.”

“लिहिणारा तुम्हाला फसवतोय, आजोबा. पहिल्या ओळीला खालच्या एकाही वाक्याचा आधार नसेल, तर तो मुद्दाच नव्हे. तुम्ही दारावरची पाटी वाचता आणि घरात काय चाललंय ते सांगत सुटता.”

सफाईवाली मावशी पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला स्वतःचं नाव लिहायला पाव तास लागतो. मी तसं बोललो. मग ती हसायची थांबली.

८ जून

घरी चौसष्ट पायऱ्या. दिवसभर लोकांना उभ्या जागी वर नेतो आणि संध्याकाळी स्वतः गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर चढतो. दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. शेजारीण म्हणाली, “लेकीकडे जाऊन राहा की आता.”

मी म्हटलं, मला लेक नाही.

असं म्हटलं की आतून जरा थंड वाटतं. सहा वर्षं म्हणतोय. तिने चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याशी लग्न केलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, तो तुला एक दिवस दुकानात काच म्हणून लावेल. बोलणं मला जमतं. तिलाही जमायचं, माझीच पोर. मग तिचं पत्र आलं. पहिलीच ओळ – ‘बाबा, तुमच्या घराची पायरी आता मला चढायची नाही.’

तिथेच घडी घातली. बापाला असं लिहिणाऱ्या पोरीचं पुढचं काय वाचायचं? बिस्किटांच्या डब्यात टाकलं. फाडलं नाही. कधी जीव हळवा झाला तर ती ओळ आठवायची आणि पुन्हा घट्ट व्हायचं, म्हणून ठेवलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात चष्मेवाला आला होता, दीड दिवसाचा प्रवास करून. दाराबाहेरून म्हणाला, “बाबा, एक सांगायचंय.” मी रेडिओ मोठा केला. बराच वेळ उभा होता. फटीतून त्याचे बूट दिसत होते. मग गेले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

१० जून

सराव परीक्षेत वीसपैकी नऊ.

गेटवाल्याला सात. तो वर्गातच रडला, पासष्टीचा माणूस. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “रडण्याचे गुण मिळत असते तर तू पहिला आला असतास.”

तो डोळे पुसत म्हणाला, “लिफ्टमास्तर, माझ्या घरी रडलेलं विचारणारं माणूस आहे. तुमच्या घरी कोण आहे?”

मी लिफ्टकडे वळलो. दिवसभर उत्तर शोधत होतो.

११ जून

बारा! अगदी काठावर. बाई म्हणाल्या, “आजोबा, आज घरात शिरलात.” हे कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. कौतुकच धरतो.

खूण सापडली आहे. पहिली ओळ हाताने झाकायची. खालची सगळी वाक्यं वाचायची, समासात एक-दोन-तीन आकडे टाकायचे. मग हात काढायचा आणि विचारायचं – यांतलं कोण तुझ्या बाजूने उभं आहे?

१२ जून

उद्या सुट्टी. बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातला कुठलाही पानभर मजकूर घ्या, मुद्दा आणि आधार काढा. मी म्हटलं, माझ्या घरी पुस्तक नाही.

“एखादं पत्र तरी असेल?”

“पत्र आहे. पण त्याचा मुद्दा मला माहीत आहे.”

“मग सोपंच जाईल.”

१३ जून

सकाळी डबा काढला. पहिली ओळ हाताने झाकली. खाली अकरा वाक्यं. आकडे टाकले. जशीच्या तशी उतरवतो.

१. असं मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणतात. २. दचकलात ना? ३. तुमचीच मुलगी आहे, एवढी गंमत करायची सवय जायची नाही. ४. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, म्हणून जिने बंद केलेत. ५. तुमचे चौसष्ट तर मुळीच नकोत. ६. ऑक्टोबरच्या शेवटी ऑपरेशन आहे. ७. त्याआधी तुम्ही या. ८. आपलं भांडण मी कधीच विसरले, तुमचं शिल्लक असेल तर सोबत आणा, इथे मिटवू. ९. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, पण लिफ्ट आहे, आणि ती चालवणारा माणूस तुमच्याइतका खडूस नाही. १०. मला थोडी भीती वाटते. ११. लवकर कळवा.

मग हात काढला.

पहिल्या ओळीचा मी सहा वर्षं धरलेला अर्थ – त्याच्या बाजूने एकही नाही. पुन्हा मोजलं. एकही नाही.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या शेवटी. चष्मेवाला आला तेव्हा हिवाळा होता. एक सांगायचंय म्हणाला होता. हे वाक्य पत्रात नाही. त्याला बारावा आकडा द्यायचा की नाही, मला कळत नाही. बाईंना विचारणार नाही. बुटांना चिखल होता. हे आत्ता आठवलं.

१४ जून

परीक्षा सकाळी अकरा वाजता होती. गेलो नाही. पोस्टात गेलो. पाकिटात घातलं तेच इथे लिहून ठेवतो.

पोरी, उत्तराला उशीर झाला. पत्र काल वाचलं. मी यायला तयार आहे, भांडण आणत नाही. हे पाकीट दुसऱ्या कुणी उघडलं असेल, तर जावईबापूंनी, शेजाऱ्यांनी, लिफ्टवाल्याने – कुणीही दोन ओळी टाकाव्यात. मी शेवटपर्यंत वाचीन. पण लवकर कळवा.