कस्तुराबाईच्या बोलण्याची वाट

येरमाळा, ४ फेब्रुवारी २०२४

चि. शिवकन्या हिस आबाचे अ. उ. आशीर्वाद.

फोन उचलत न्हाय म्हणून रागावू नको. तुझा आवाज ऐकला की तुझी आई बोलाया बघती, शब्द येत न्हाय, मग कपाळ बडवून घेती. म्हणून पत्र. लकव्याचा हात थोडा हलतोय. पण भाकर मागायची तरी तोंडातनं नुसतं 'ते ते' निघतं. समजतं सगळं. जीभ शाबूत हाय, मग अडतंय कुठं? तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकात बघून कळव. शेजारची शांताक्का म्हणती, आशा सोडा. म्या दिवसभर अंगणात येरझारा घालतो.

माया हाय तशी राहू दे.
आबा

पुणे, १० फेब्रुवारी

ती. आबांस शिवकन्येचा सा. न. वि. वि.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधी अगदी बारीक फट असते. निरोप फटीपाशी आला की पेशी रसायन सोडते, ते पलीकडं पोचलं की निरोप पुढं जातो. आईच्या बोलण्याच्या वाटेवरल्या काही पेशी मेल्या. त्या परत येणार नाहीत, खोटं कशाला सांगू? पण उरलेल्या पेशी नव्यानं जोडल्या जातात, आणि रोज वापरली ती वाट पक्की होते. आमच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, बोलता न येणाऱ्या काहींना गाता येतं. येडाई देवीची गाणी तिच्यासोबत म्हणा. तुमचा आवाज कसा आहे ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, तरी म्हणा.

माझं इथं चित्त नाही. काल निम्मा पेपर कोरा दिला. वर्ष बुडालं तर बुडू दे, महिनाअखेरीस मी येतेच.

जिवाला जपा, लोभ आहेच.
शिवकन्या

येरमाळा, २५ फेब्रुवारी

चि. शिवकन्या हिस अ. उ. आशीर्वाद.

म्या गायलो. दुसऱ्याच ओळीला तुझ्या आईनं तोंड वाकडं केलं आन् स्वतः गाणं उचललं. सगळे शब्द, एकबी चुकला न्हाय. म्या गोठ्यात जाऊन रडलो. मग तिला तिचं नाव विचारलं, तर 'कस्तुरा' म्हणायच्या जागी पुन्हा 'ते ते'. तिनं ताट भिरकावलं. म्याबी चिडलो, दोन दिवस गायलो न्हाय. मग लाज वाटली. त्याच चालीत 'पाणी दे', 'भाकर दे' म्हणाया लागलो, ती डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायची.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तू शिक्षण सोडून येतीस हे ऐकल्यावर तिनं ठेका धरला, आन् गाण्याच्या चालीत, एकेक शब्द ओढत म्हणाली, "येऊ नको म्हणावं. शिक म्हणावं."

तिचा निरोप जसाच्या तसा लिहिलाय.

दोघांचा जीव तुझ्यापाशी.
आबा