हजेरीपुस्तकातला चौकीदार

मूल, दि. १२ फेब्रुवारी २०२४

चि. संघपाल यास गुणवंतमामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आधी घरच्यांची खबर सांग. माझ्या बहिणीचे, बायनाबाईचे, गुडघे कसे आहेत? तिले म्हणावं, भावानं बजावलं आहे, खाली बसून भांडे घासू नको. सौ. रीताले चक्कर येत होती, ती थांबली का? खुशबू तिसरीत गेली, पाढे म्हणते की नुसती नाचते? तुझी तब्येत शेवटी विचारतो, कारण तीच विचारायले हात धजत नाई. फोनवर दोन शब्दांत तुले ढास लागते, म्हणून पत्रच बरं. पत्राले खोकला येत नाई.

मी धडधाकट आहे आणि त्याचीच लाज वाटते. तीस वर्षं बल्लारपूरच्या त्या स्टीलचे गेट बनवायच्या शेडात मी मिस्त्री होतो, पण माझी खुर्ची दाराजवळ, हवेत. तू अकरा वर्षं आत, ग्राइंडरवर, स्टील घासत. तो बुरादा आणि वेल्डिंगचा धूर तुझ्या नाकातोंडात. आणि शेडाचा मालक बिरजूशेठ आता गावभर सांगून राह्यला की संघपालले बिडीनं खाल्लं. ज्या पोरानं कधी बिडी हातात धरली नाई, त्याले. मागच्या साली तुझ्या जोडीचा ग्राइंडरवाला मुखरू असाच खोकत गेला, तेव्हा यानं दारूचं नाव घेतलं होतं.

माझ्या मनात काय येते सांगू? त्याच्या बैठकीतच ग्राइंडर लावावा, दारं-खिडक्या लावून एक पाळी गेट घासावे, आणि संध्याकाळी त्याची काळी थुंकी त्यालेच दाखवावी. ४ मार्चले शेडात सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम आहे. जुना मिस्त्री म्हणून मले शाल-नारळ द्यायले बोलावलं आहे. कारखाना निरीक्षक सायेबही येणार. मी जातो. नारळ कुठी फोडायचा ते ठरवलं आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा, गुणवंतमामा

*

राजुरा, दि. २१ फेब्रुवारी २०२४

ती. गुणवंतमामा यांस संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र तीन बैठकांत लिहून राह्यलो, अक्षर हललं तर समजून घ्या. आई खालीच बसून भांडे घासते, आणि तुमचं नाव सांगितलं की जास्त जोरात घासते. रीता बरी आहे. खुशबू पाढे म्हणत नाचते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून काम विचारलं. मी सांगितलं, अकरा वर्षं ग्राइंडर. ते म्हणाले, धातूची धूळ बसल्यासारखं दिसते, पण कामातून झालेला आजार असं कागदावर लिहायले कामाचा पुरावा लागते. पुरावा नसला तर बिडीचं बालंट माझ्या नावावर कायमचं राहीन. मामा, मले बाकी काही नको. खुशबूनं मोठी होऊन तो कागद वाचला, तर बाप कशानं गेला ते तिले खरं कळावं.

म्हणून रीता शेडवर गेली. शेठनं खुशीखुशीनं हजेरीपुस्तक उघडून दाखवलं. संघपाल, चौकीदार. मुखरू, चौकीदार. असे सहा जण. रीता त्याले म्हणाली, राखायले एक दरवाजा अन् चौकीदार सहा, फार जपता बुवा तुम्ही. तिनं मोबाइलमध्ये पानाचा फोटो घेतला, त्याची झेरॉक्स सोबत आहे.

नारळ फोडू नका. पोलीस तुमचं वय पाहणार नाईत. झेरॉक्स मात्र नीट पहा. अक्षर फार वळणदार आहे. मले बाराखडी तुम्हीच शिकवली, म्हणून जास्त लिहीत नाई.

आहे तसा लोभ असू द्यावा.

आपला, संघपाल

*

मूल, दि. ६ मार्च २०२४

चि. संघपाल यास जयभीम.

तब्येत विचारायचा हक्क आज मले नाई, तरी विचारतो. कशी आहे?

अक्षर माझं आहे. पान तू लागला त्याच वर्षीचं. शेठ म्हणाला होता, ग्राइंडरवाल्यांच्या छातीचा फोटो दरसाल काढा लागते, डाग निघाला की पोरगा घरी. चौकीदार लिहिलं तर फोटो नाई आणि काम पक्कं. मले वाटलं, पोरांवर उपकार करून राह्यलो. भाचा म्हणून तुझं नाव पहिलं लिहिलं. मग विसरून गेलो. खरंच विसरलो, हेच गिळवत नाई.

परवा शाल अंगावर पडली. शेठनं माइक दिला, म्हणाला, गुणवंतराव, दोन चांगले शब्द बोला. मागं फळा होता, त्यावर अपघाताविना गेलेले दिवस लिहिले होते. मी खडू घेतला, खाली सहा नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे चौकीदार. सायेबांले म्हटलं, हजेरीपुस्तक मागवा, अक्षर जुळवा. लबाडी याच्या तोंडची आहे आणि माझ्या हातची. शेठ हसत म्हणाला, म्हातारा चळला. मी म्हटलं, या सहांपैकी एकाच्या तरी हाती कोणी काठी पाहिली का, सांगा. मागची पोरं हसली. हसता हसता त्यांतल्या दोघांले ढास लागली, ती थांबेचना. सायेब वळून त्यांच्याकडे पाहत राह्यले.

पुस्तक जप्त झालं. ग्राइंडिंग बंद ठेवायचा हुकूम सायेबांनी तिथंच काढला. शेठच्या कपाळाले घाम आला आणि तो माझ्याच शालीकडे पाहत होता. मले ते फार गोड लागलं, संघपाल. या वयात लागू नये इतकं.

वकील म्हणते, केस माझ्यावरही होईन. सायेबांले मीच म्हटलं, माझं नाव शेठच्या खाली नको, शेजारी लिहा. त्याले सोडायचं नाई, तर मले काऊन सोडायचं?

सायेबांपुढं दिलेल्या माझ्या जबाबाची शिक्क्याची नक्कल सोबत आहे, ती डॉक्टरांले दे. तू ग्राइंडरवर होता हे त्यात माझ्या सहीनं आहे. दुसरी नक्कल मुखरूच्या आईले नेऊन दिली. तिनं वाचून घेतली आणि मले पाणी विचारलं नाई. बरोबर केलं.

आता तुझं राह्यलं. शिव्या असतील तर पूर्ण लिही, ढास लागली तर रीताले सांगून लिहव. दारात येऊ नका असं असलं तरी तेच लिही. पोस्टमन इथी अकराच्या सुमाराले येते, तो गेल्याशिवाय मी जेवायले बसत नाई. लवकर लिही.

गुणवंत