खट्ट झाल्यानंतरचं पेट्रोल

चिंचवड, गुरुवार

तीर्थस्वरूप दादासाहेब,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गाडीच्या मागच्या सीटखाली डोकावता डोकावता कंबर धरली आहे; तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा. आपला गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडतात ना? आणि आमची मृदुला (मूळची आपलीच बहीण, आणि गेले तीन आठवडे पुन्हा आपल्याच घरी) नीट जेवते ना? तिला कारल्याची भाजी वाढू नये. माहेरी आहे म्हणून ती बोलायची नाही.

आपल्या पंचाहत्तरीला ती एकटीच एसटीने वाईला आली आणि मला सर्दी झाल्याचं मी आपल्याला कळवलं, ते खोटं होतं. खरी हकीकत अशी, की शुभकार्याला निघताना गाडीची टाकी काठोकाठ भरायची ही माझी जुनी रीत. (आई कुणालाही रिकाम्या पोटी घराबाहेर पडू देत नसे, मी गाडीला पडू देत नाही.) पंपावरची नळी खट्ट करून थांबली, तरी मी त्या माणसाला म्हणतो, घाल राव अजून, आणि गाडी मागून धरून हलवतो, पायलीतले दाणे हलवून बसवतात ना, तशी. त्या दिवशी आत मृदुला होती. तीही हलली. तिथून वाकडच्या पुलापर्यंत तिने नाकावरचा पदर काढला नाही. गाडीत पेट्रोलचा वास येतो, असं ती तीन महिने सांगत होती, आणि हा कारखान्यांकडचा वारा आहे, असं मी तीन महिने समजावत होतो. त्या दिवशी मी आणखी पुढे गेलो. म्हणालो, मला तर या गाडीत जूनमधल्या कोऱ्या पुस्तकांचा वास येतो, आणि चौथीतली एक कविता चालीवर सुरू केली. दुसऱ्या कडव्याला तिने गाडी थांबवायला लावली. "वास माझ्या मनातच आहे ना? मग मी मनाला घेऊन एसटीने जाते. तुम्ही बसा पुस्तकं हुंगत." तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

मग मी संशोधनाला लागलो. समोर राहणाऱ्या गणराजांच्या सल्ल्याने, वास ओढून घ्यायला म्हणून, चाकणच्या बाजारातून कांद्याचं अर्धं पोतं आणून डिकीत ठेवलं. आठवड्याने त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, भाऊजी, कांद्यांनासुद्धा पेट्रोलचा वास लागलाय. मला काही जाणवलं नाही. पुढे गाडीत उदबत्ती लावायचं ठरवलं होतं; काड्यापेटी सादळलेली निघाली म्हणून हे पत्र मी स्वतः लिहितो आहे.

शेवटी काचा उघड्या टाकून, मोशीपासून कुठल्याशा कंपनीच्या बसमागे रांगत रांगत, कुरुळीला गेलो. आमच्या कंपनीत जयसिंग म्हणून फिटर होते, त्यांच्या मुलीचं, आम्रपालीचं, तिथे गॅरेज आहे. दहा वर्षं ती चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांची गळती तपासत होती. दादासाहेब, काय सांगू या मुलीचं! पाना हातात घेण्याआधी तिने प्रश्न हातात घेतले. वास कधी येतो, टाकी भरल्यावर की एरवीही? मी म्हणालो, वास म्हणजे आठवणीसारखा असतो बघ, कधी येईल...

"काका, आठवण राहू द्या. टाकी?"

मग काचा लावून ती प्रत्येक सीटवर पाच-पाच मिनिटं डोळे मिटून बसली. आमचे गुरुजी पाठांतर ऐकताना असेच बसत, आणि चुकलेल्या शब्दाला बरोबर डोळा उघडत. आम्रपालीने मागच्या सीटवर डोळा उघडला. सीट उचलली, खालचं झाकण काढलं. तिथे टाकीच्या तोंडावर पंप बसवलेला असतो आणि त्याला रबराची रिंग असते. ती तडकली होती आणि भोवती ओल होती. अर्ध्या टाकीचं पेट्रोल तिथवर पोचत नाही, गळ्यापर्यंत भरून वर गाडी हलवली तरच पोचतं. "हलवता? कशाला?" मी पायलीचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. उदबत्तीचं सांगितल्यावर तर खालीच बसली.

नवी रिंग बसली, आतला गालिचा धुऊन वाळला. मी तिथल्या तिथे दोन ओळी जुळवून म्हटल्या:

दिसे न डोळां, ये ना हाता, कुठे दडे हा चोर?
सीट उचलुनी धरी तयाला कुरुळीची ही पोर!

छान आहे म्हणाली, आणि जुनी रिंग माझ्या नाकापुढे धरली. बघा काका, किती भपकारा! मी हुंगली. पुन्हा हुंगली. मग तिने पेट्रोलचा बोळा धरला. दादासाहेब, काही नाही. कोरी पुस्तकं मी गेली कित्येक वर्षं नाकाने नव्हे, आठवणीने हुंगत होतो. आम्रपाली हळूच म्हणाली, "म्हणजे तीन महिने काकूच बरोबर होत्या. असं नाक आमच्या लाइनवर असतं ना, तर एक मशीन कमी लागलं असतं."

पत्र इथे खट्ट झालं. आता वर एक थेंबही घालणार नाही.

आपला,
मधुसूदन

ता.क. एकच थेंब. आम्रपाली गाडी सोडत नाही. कंपनीतली शिस्त तिने गॅरेजात आणली आहे: ज्याची तक्रार, त्यानेच वास घेऊन सही करायची, त्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही. मी करतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमची सही काय कामाची, काका?" जॉबकार्डावरची ती चौकट पाच दिवस कोरी आहे. तेव्हा मृदुलेला एसटीत बसवून द्यावं. आम्रपालीने बोलावलंय म्हणावं. माझं नाव काढू नये.

ता.क. २. दूध दोनदा करपलं. दोन्ही वेळा गणराजांनी दार ठोठावलं तेव्हा कळलं. आता गॅस बंदच ठेवतो आणि चहा त्यांच्याकडे घेतो. हे तिला सांगू नये, उगाच काळजी करेल. (सांगितलंत तरी चालेल.)

ता.क. ३. हे पत्र तिला दाखवू नका. लपवूही नका म्हणा. गाडी हे निमित्त आहे, याचा वास तिला पाकीट फोडायच्या आधीच येईल.