सहाव्या होलचा टी रविवारच्या आत मागे नेण्याबाबत

प्रति,
मा. श्री. विठ्ठलराव नरगुंदकर,
मानद सचिव, केरेदंडी गोल्फ क्लब,
नवनगर, हुबळी-धारवाड.

अर्जदार: कु. नेत्रा प्रभंजन गलगली, इयत्ता दहावी, रा. क्लबच्या भिंतीमागची गल्ली, पिवळ्या फाटकाचं घर.

विषय: अजून लागूच न झालेल्या नियमाच्या धास्तीने पुढे आणलेला सहाव्या होलचा टी येत्या रविवारच्या स्पर्धेआधी जुन्या जागी नेणे, तसेच या अर्जातील परिच्छेद ६ कमिटीत मोठ्याने न वाचणे.

संदर्भ: १) क्लबच्या फलकावरील आपल्या सहीची सूचना. २) फाटकापाशी आपण दिलेलं तोंडी उत्तर: 'लेखी दे गं पुट्टी, बघू.'

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार लेखी देत आहे. अर्जात 'मी, मी' करायचं नसतं, 'अर्जदार' म्हणायचं, असं तिचे काका गुरुराज गलगली (वकील, धारवाड कोर्ट) यांनी बजावलं आहे. त्यामुळे खाली जिथं जिथं अर्जदार घाबरली असं येईल, तिथं ती नेत्राच समजावी. अर्जदार नुकतीच आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली असून तेव्हापासून ती हेडमास्तरांशीसुद्धा मान वर करून बोलते, हे गल्लीत कोणीही सांगेल. तरीही हा अर्ज ती जेवणाच्या टेबलाखाली बसून लिहीत आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

२. आपणास माहीतच आहे की, जगभरच्या गोल्फचे नियम ठरवणाऱ्यांनी चेंडू किती लांब जावा याला मर्यादा घालायचं ठरवलं आहे. ही बातमी क्लबच्या व्हरांड्यात आली त्या संध्याकाळी अर्जदार वडिलांना घरी न्यायला तिथं आली होती. गिरमिटच्या बश्या समोर तशाच राहिल्या आणि एकाही सभासदाने मिरची भजीला हात लावला नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. अर्जदाराचे वडील प्रभंजन गलगली म्हणाले, 'अहो, आमच्या हातात आधीच लांबी कुठं आहे! होती नव्हती तीपण काढून घ्या!' सप्तापूरचे निवृत्त प्रोफेसर म्हणाले, 'वयानं निम्मी नेली, उरलेली आता हे नेणार.' एका सभासदांनी तर खेळ सोडून भजनी मंडळात जायची भाषा केली. त्यावर आपण म्हणालात, 'तिथंपण सूर लागायला लागतो, मालक.' सगळे हसले, पण घाबरलेली माणसं हसतात तसे. अर्जदाराला त्यांची दया आली, हे तिने इथं मुद्दाम नमूद केलं आहे. म्हणजे हा अर्ज खेळाच्या किंवा वयस्करांच्या विरुद्ध आहे असा गैरसमज होणार नाही.

३. परंतु महोदय, अर्जदाराने घरी येऊन ती बातमी शेवटपर्यंत वाचली. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना तो नियम सन २०३० पासून लागायचा आहे, आणि सावकाश मारणाऱ्यांची लांबी त्यात फार तर चार-पाच यार्डांनी घटेल असं म्हणतात. चार-पाच यार्ड म्हणजे आमच्या अंगणाची लांबी. कमिटीने मात्र 'आतापासूनच सवय लावू या' असं म्हणून सहाव्या होलचा टी, म्हणजे जिथून पहिला टोला मारतात ती जागा, तब्बल चाळीस यार्ड पुढे आणली. तीही याच वर्षी! परीक्षा २०३० साली आणि जागरण आजपासून, असा हा प्रकार झाला. सूचनेखाली आपली सही आहे, आणि ठरावाला अनुमोदन अर्जदाराच्या वडिलांचं आहे.

४. एवढ्यावर भागलं असतं तरी अर्जदार गप्प बसली असती. पण जागा नव्या नियमाची झाली आणि चेंडू जुनेच राहिले! नुसते जुने नव्हेत, तर जुने चेंडू पुढे मिळतील न मिळतील या भीतीने सभासदांनी ते पेट्यांनी आणून ठेवले आहेत. घरात तांदळाच्या डब्यामागे चेंडू, देवघराच्या खालच्या कप्प्यात चेंडू. अर्जदाराची आत्या अंबूताई उपासाची भगर शोधायला गेली, तर तिच्या हाताला चेंडूच लागले. म्हणजे भीतीने एकाच वेळी दोन कामं केली: जागा जवळ आणली आणि लांब जाणारा चेंडू हातात ठेवला. यातलं एकच केलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. दोन्ही मिळून काय होतं हे कमिटीत कोणीच कागदावर मांडून पाहिलेलं दिसत नाही. त्या होलचा रस्ता नाल्यापाशी डावीकडे वळतो. सरळ पुढे क्लबची भिंत, आणि भिंतीमागे आमची गल्ली. जुन्या जागेवरून मारलेला चेंडू नाल्याच्या अलीकडे दमून पडायचा. आता तो नाला ओलांडतो, भिंत ओलांडतो, आणि आमच्याकडे येतो.

५. गल्लीची सध्याची अवस्था पुढीलप्रमाणे आहे. राधाअक्का दूध आणायला जाताना डोक्यावर घमेलं धरतात. आधी सगळे हसले, आता घमेलं उसनं मागायला लोक त्यांच्याच दारात उभे असतात. वाळवणं गच्चीवरून खाली आली असून सांडगे खाटेखाली वाळत आहेत. म्हणजे वाळत नाहीत. चाफ्याच्या झाडावर रोज बसणारा भारद्वाज आता येत नाही. चेंडू लोकांच्या दिशेने गेला की खेळणाऱ्याने 'फोर' असं ओरडून सावध करायचं असतं. हा चांगला रिवाज आहे. पण आपले सभासद अत्यंत सभ्य असल्यामुळे ते इतक्या हळू ओरडतात की गल्लीत आवाज चेंडूनंतर येतो. अर्जदार भिंतीवर चढून त्यांना म्हणाली, 'काका, जरा मोठ्यानं ओरडा ना!' तर तिकडून उत्तर आलं, 'अगं, पलीकडे लोक झोपलेले असतात.' याबाबत मागच्या आठवड्यात शेजारची मंडळी वडिलांकडे आली होती. वडील म्हणाले, 'येनू आगल्ल, काही होत नाही. तो कोणी नवखा मारत असेल. आमचे चेंडू कुठले तिथवर जातात!' आणि ते खरंच तसं समजत होते.

६. (हा परिच्छेद फक्त आपल्यासाठी आहे.) गेल्या रविवारी सकाळी अर्जदाराचा भाऊ श्रीनिधी, वय चार, फाटकाशी आपली तीनचाकी धूत बसला होता. तो बादलीवर वाकून पाण्याचा मग भरत होता. आईने आतून 'साबण नको हं!' अशी हाक मारली म्हणून तो उठून दोन पावलं आत आला. तेवढ्यात ठप्प असा आवाज झाला आणि बादली कडेपासून बुडापर्यंत चिरली. पाणी सगळं त्याच्या पायांवर आलं. श्रीनिधीने टाळ्या वाजवल्या. 'अक्का, परत कर ना!' असंही तो म्हणाला. अर्जदाराने मात्र खाली बसून ती चीर बोटाने तपासली. त्याचं डोकं जिथं होतं, तिथंच ती चीर सुरू होते. अर्जदार हे वाढवून सांगत नाही. वक्तृत्वात ती वाढवून सांगते, इथं नाही.

मग अर्जदाराने चेंडू उचलला. आपापला चेंडू ओळखता यावा म्हणून सभासद त्यावर खूण करतात, हे आपण जाणताच. आपली खूण निळी रेघ आहे. त्या चेंडूवर हिरव्या शाईचं छोटं मोरपीस होतं. महोदय, ते मोरपीस अर्जदारच काढते. दर शनिवारी संध्याकाळी वडील चेंडू पुसून ताटात मांडतात आणि ती एकेकावर पीस काढते. 'डोळा नीट काढ गं, त्याला दिसायला हवं कुठं जायचं ते,' असं वडील म्हणतात.

थोड्या वेळाने वडील घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात. 'मेधा! नेत्रा! नाला ओलांडला आज! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! चेंडू सापडलाच नाही, एवढा लांब गेला!' पोहे गार झाले तरी त्यांचं चाललंच होतं. हात कसा गेला, आवाज कसा आला, प्रोफेसर कसे बघत राहिले. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर कित्येक महिने ते खिडकीपाशी बसून असायचे, चाला म्हटलं तर 'उद्या' म्हणायचे. या मैदानाने त्यांना घराबाहेर काढलं. ते इतके हसलेले अर्जदाराने तेव्हापासून पाहिले नव्हते. आईने अर्जदाराकडे बघितलं. बादली तोवर पाण्याच्या टाकीमागे गेली होती. आई हळूच म्हणाली, 'आज नको सांगू. आजच्या दिवस राहू दे त्यांना.' तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

७. दरम्यान अर्जदाराने स्वतः एक उपाय करून पाहिला, तो लपवण्यात अर्थ नाही. टीच्या जागेवर चुना फासलेले दोन दगड आहेत. ते उचलता येतात. शाळेतून आल्यावर अर्जदाराने ते जुन्या जागी नेऊन ठेवले आणि निवांत झोपली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पुढे! माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, 'तुझ्या अप्पांनीच आणले की, टेप लावून. कुणीतरी पोरं दगड हलवतात म्हणून रागावले होते.' तेव्हा हे काम दगड हलवून होणारं नाही, त्याला आपली सही लागेल, हे अर्जदाराच्या ध्यानात आलं.

८. सबब विनंती की, येत्या रविवारी सकाळी स्पर्धा सुरू होण्याआधी सहावा टी आपल्या अधिकारात मागे न्यावा. कारण काहीही लिहावं. 'गवत वाढवणे' लिहा, 'पाणी मुरते' लिहा, कोणी विचारणार नाही. भिंतीपलीकडे माणसं राहतात असं लिहिलं तरी खोटं होणार नाही. वडिलांचं नाव मात्र कुठेही येऊ नये; हा अर्जही त्यांना दिसू नये म्हणूनच टेबलाखाली लिहिला जात आहे. त्यांना कळलं की आपल्या हातून काय होणार होतं, तर ते क्लबची पायरी चढणं सोडाच, घराच्या फाटकाचीसुद्धा पायरी उतरणार नाहीत, अशी अर्जदाराला आणि तिच्या आईला भीती आहे. ते पुन्हा खिडकीपाशी बसतील. नियमाने जेवढी लांबी जायची आहे, त्याहून ते फार जास्त होईल.

९. टी मागे गेला नाही, तर रविवारी अर्जदाराला स्वतः सहाव्या टीवर येऊन सर्वांसमोर बोलावं लागेल, कारण श्रीनिधीला रोज कोणी वेळेवर हाक मारेलच असं नाही. भर सभेत बोलायला अर्जदार घाबरत नाही, तिला ढाल मिळालेली आहे. पण 'अप्पा, तो चेंडू सापडला' हे एवढंच वाक्य गेल्या रविवारपासून ती आरशासमोर म्हणून बघते आहे, आणि एकदाही ते शेवटपर्यंत गेलेलं नाही. ते म्हणायची वेळ तिच्यावर आणू नये. एवढीच विनंती.

आपली नम्र, आणि उत्तराची वाट टेबलाखाली पाहणारी,

(सही)
कु. नेत्रा प्रभंजन गलगली

दिनांक: शुक्रवार, शाळा सुटल्यावर

सोबत: या अर्जाची कन्नड प्रत (परिच्छेद ६, ७ आणि ९ वगळून, ८ मधलं फक्त पहिलं वाक्य ठेवून, विषयातलं अर्धं वाक्यही वगळून), फलकावर लावण्यास हरकत नाही.

प्रत माहितीसाठी: कोणालाही नाही.